विश्लेषण : चीनच्या आक्रमणाचा इशारा अडीच वर्षे आधी देणारे लेफ्टनंट जनरल थोरात कोण होते?

नागपूरच्या मिहानमध्ये आज विमानांचे सुटे भाग तयार होतात. संरक्षणसज्जता म्हटले की अशीच यंत्रसामग्री डोळ्यांसमोर येते. पण सेनापतीने वेळीच दिलेला इशारा ऐकणे, हाही सज्जतेचाच भाग. तो ऐकला नाही तर काय होते, हे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांच्या कारकीर्दीतून कळते.

ब्रह्मदेशात काय घडले?

कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे १९०६ मध्ये जन्मलेले थोरात सँडहर्स्ट येथील प्रशिक्षणानंतर पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाले. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगाव येथे जपान्यांचा माघारीचा रस्ता तोडण्याची लढाई झाली. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीयांकडे होते : थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. थोरातांच्या पलटणीने ‘मेलरोज’ ही टेकडी जिंकली. तिघांनाही ‘डीएसओ’ हा शौर्यसन्मान मिळाला.

कोरियातील कामगिरी कोणती?

१९५३ मध्ये मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार युद्धकैद्यांची जबाबदारी भारतीय दलाकडे आली. त्याचे प्रमुख थोरात होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणले. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र (वर्ग दोन) मिळाले.

‘लाल किला’ काय होते?

पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनऊ येथे ‘लाल किला’ हा युद्धसराव घेतला. चीनने हल्ला केल्यास ईशान्य सीमेवरील फौज अपुरी पडेल, असा त्याचा निष्कर्ष होता. अगदी सीमेवरच्या ठाण्यांवर अडून राहू नये. शत्रूला आत येऊ द्यावे, त्याची रसद ताणली गेली की मागच्या भक्कम फळीवर गाठावे, असे त्यांचे मत होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्यांची भीती अनाठायी वाटली.

पुढे काय झाले?

लष्करप्रमुख थिमय्या यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरातांची शिफारस केली होती. मात्र १९६१ मध्ये पी. एन. थापर यांची नेमणूक झाली आणि थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. महिन्याभरात बोमडिला पडले. त्यानंतर सरकारने थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलावले. मात्र ज्यांच्यासाठी इशारा दिला होता, त्यांतील अनेक जवान तोवर सीमेवर कामी आले होते.