वर्गणीआधी कागद

सुरतेच्या दक्षिण अंगाला, पांडेसरा आणि उधन्याच्या शेजारी बमरोली आहे. यंत्रमागाच्या खात्यांवर पोट असलेली घरे इथे दाटीवाटीने राहतात. त्यांत ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारची माणसे आहेत, तशीच जळगाव-धुळे-नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली खानदेशी कुटुंबेही आहेत. अशा घरातल्या कमावत्या माणसाला कर्करोग निघाला, त्याच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली किंवा मूत्रपिंडे निकामी झाली, की आजूबाजूचे लोक पहिली गोष्ट करतात ती वर्गणीची. खात्यातले कारागीर, भाऊबंद, समाजाचे मंडळ, सगळे खिशात हात घालतात. या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या घराला खरोखर वाचवायचे असेल तर पैसा गोळा करणे हे पहिले काम नाही, असे माझे म्हणणे आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत एका जाणत्या माणसाने त्या घराचे कागद आणि रुग्णालयाशी बोलणे आपल्या अंगावर घ्यायला हवे. वर्गणी त्यानंतर काढावी आणि सरकारी योजना जिथे पोचत नाही तिथे ती वापरावी.

यामागचा हिशेब साधा आहे. समजा, घरच्यांनी दीड लाख रुपये महिना पाच टक्क्यांनी उचलले. महिन्याचे नुसते व्याज साडेसात हजार, वर्षाचे नव्वद हजार. मंडळाने मोठ्या मनाने पंचवीस हजार जमवून दिले, तरी साडेतीन महिन्यांच्या आत ते व्याजातच जातात आणि मुद्दल तसेच उभे राहते. म्हणजे मदत रुग्णाला मिळाली असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात ती सावकाराला मिळते. हे कर्ज बहुधा पहिल्याच रात्री, रिक्षा कोणत्या रुग्णालयाकडे वळली यावर ठरते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, बाळंतपणे वगळून एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला होता. ही सरासरी आहे. तिच्यात साधा ताप आणि शस्त्रक्रिया एकत्र मोजली आहे, आणि दोन्हीकडचे रुग्ण सारखे नसतात. तरीही सातपटीचा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. अनिरुद्ध कृष्ण यांनी गुजरात, राजस्थान, आंध्रातल्या खेड्यांत घरे गरिबीत कशी कोसळतात याचा माग काढला आणि २०१० साली त्यावर पुस्तक लिहिले. व्यसन आणि आळस ही कारणे आपण फार सहज सांगतो. त्यांना मात्र आजारपण आणि त्यापायी झालेला खर्च हेच सर्वांत मोठे कारण दिसले.

आता कागदांकडे येऊ. गुजरात सरकारने २०१२ साली ‘मुख्यमंत्री अमृतम’ योजना सुरू केली. लोक तिला अजूनही ‘मा कार्ड’ म्हणतात. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पुढे दोन्ही एकत्र झाल्या आणि जुलै २०२३ पासून गुजरातेत कुटुंबामागे वर्षाला दहा लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात धरले जातात. महाराष्ट्राने १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली. कागदावर पाहिले तर बमरोलीतल्या खानदेशी घराला दोन राज्यांचा आधार आहे. अनेकदा होते ते उलटेच. रेशन कार्ड गावाकडे थोरल्या भावाच्या नावावर, आधारवर जुना पत्ता, भाडेकरार तोंडी आणि उत्पन्नाचा दाखला काढलेलाच नाही. माणूस सुरतेत आजारी पडतो आणि त्याचे कागद अमळनेर किंवा शहाद्याला असतात. या घरापुढे तीन वाटा आहेत. गावाकडच्या आयुष्मान यादीत कुटुंबाचे नाव असेल तर ते कार्ड राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालते, म्हणजे सुरतेतही. ते नसेल आणि इथले रेशन कार्ड व उत्पन्नाचा दाखला मिळण्याजोगा असेल तर गुजरातची योजना. दोन्ही जमत नसेल आणि रुग्ण प्रवास करू शकत असेल, तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महाराष्ट्राची योजना. यांतली कोणती वाट धरायची हे ज्या बाईचा नवरा अतिदक्षता विभागात आहे तिने एकटीने ठरवावे, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे.

चौथी एक वाट आहे आणि तिची आठवण फार कमी जणांना होते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिना एकवीस हजारांपर्यंत पगार घेणाऱ्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. तो उपचारांपुरता नाही. नोंद दोन वर्षांची आणि विम्याची वर्गणी पुरेशी भरलेली असेल, तर कर्करोगासारख्या ठरावीक चौतीस दीर्घ आजारांत सरासरी मजुरीच्या ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजारी घराचा निम्मा घाव बिलाचा असतो आणि निम्मा बंद पडलेल्या पगाराचा. आरोग्य कार्ड या दुसऱ्या घावाला हातही लावत नाही. अडचण उघड आहे. मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराचे नाव खात्याच्या रजिस्टरात असेलच असे नाही, आणि शेठला ते लिहायला लावण्याची ताकद एकट्या आजारी माणसात नसते. ती त्याच्या शंभर सोबत्यांत असू शकते. शंभर-शंभर रुपये काढण्यापेक्षा त्यांनी एकदा एकत्र जाऊन रजिस्टर मागितले, तर त्याचे मोल कितीतरी अधिक आहे. अर्थात ते आजारपणाच्या आधी मागावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. जीव जात असताना कागद कसले शोधता? बरोबर आहे, आणि म्हणूनच जीव जात असताना शोधायचे ते रुग्णालय, कागद नव्हे. तातडीच्या रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. सुरतेत सरकारी नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथली गर्दी, ताटकळणे, एका खाटेभोवतीची धावपळ, ही लोकांची तक्रार खोटी नाही. पण त्या गर्दीला घाबरून खासगी रुग्णालयात अनामत भरणारे घर काही दिवसांनी पैसे संपले की पुष्कळदा त्याच सिव्हिलच्या दारात येते, फक्त कर्ज घेऊन येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कार्ड असले तरी फसवणूक होतेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या ख्याती रुग्णालयाचे प्रकरण उघडकीला आले. कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावी मोफत शिबिर घेऊन माणसे अहमदाबादेत नेली, सात जणांच्या हृदयवाहिन्यांत स्टेंट बसवण्याची प्रक्रिया केली आणि त्यांतले दोघे दगावले. आयुष्मानचे पैसे लाटण्यासाठी गरज नसताना हे केल्याचा आरोप पोलीस तपासात पुढे आला. हे उदाहरण मला माझ्या म्हणण्याच्या विरोधातले वाटत नाही. कार्ड म्हणजे पैशाची सोय. शहाणपणाची सोय त्यात नाही. ती सोबत जाणाऱ्या माणसाने करायची. कोणती शस्त्रक्रिया, का, न केल्यास काय, हे त्याने विचारावे, अहवालांच्या प्रती मागाव्यात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण-हक्क सनदेत हे सगळे आहे. औषध कुठूनही आणण्याचा हक्क आहे आणि बिल थकले म्हणून रुग्ण किंवा मृतदेह अडवून न ठेवला जाण्याचाही आहे.

तिसरा आक्षेप, हे सरकारचे काम आहे, शेजाऱ्यांचे नाही. तत्त्व म्हणून मान्य. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही सरकारी आकडेवारी आहे, आणि त्याचे श्रेय सरकारी खर्चाला आहे. पण उरलेले चाळीस टक्के आज ज्याच्या घरावर कोसळले आहेत, त्याला धोरण बदलेपर्यंत थांबता येत नाही.

आणि वर्गणी? तिला जागा आहेच, मोठी आहे. आयुष्मान योजनेत भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरतात. त्यापुढची औषधे, बाह्यरुग्ण तपासण्या, अहमदाबादच्या कर्करोग रुग्णालयाच्या फेऱ्या, सोबतच्या माणसाचे जेवण, खोलीचे भाडे, मुलांची फी, हे सगळे उघड्यावर राहते. वर्गणी इथे घालावी. एकरकमी देण्याऐवजी महिन्याला ठरावीक द्यावी आणि कुणी किती दिले हे मंडळाच्या माइकवरून वाचू नये. कर्ज आधीच झाले असेल तर पहिले पैसे सर्वांत महागडे देणे फेडायला वापरावेत. गुजरातच्या २०११च्या सावकारी कायद्यानुसार व्याजाची कमाल मर्यादा तारणावर वर्षाला १२ टक्के आणि विनातारण १५ टक्के आहे. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांनी बेकायदा सावकारीविरुद्ध मोहीम काढून जागोजागी लोकदरबारही भरवले होते. महिना पाच टक्के घेणाऱ्याशी बोलायला म्हणूनच चार जणांनी मिळून जावे. आणि गावाकडचे शेत विकण्याआधी डॉक्टरांकडून उपचारांचा आराखडा व खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, कारण विकलेले शेत परत येत नाही.

बमरोली-पांडेसऱ्यातल्या मराठी मंडळांना म्हणून एकच विनंती आहे. गणपतीची वर्गणी मागायला या वर्षी घरोघर जाल, तेव्हा पावतीपुस्तकासोबत एक वही न्या. कुणाचे कार्ड निघाले आहे, रेशन कार्ड कुठले आहे, खात्यात ईएसआय कापला जातो का, एवढेच तिच्यात लिहा. आयुष्मान कार्ड काढायला पैसे लागत नाहीत, आणि चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.