औषध हाताशी, ओझे टपावर

मागच्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही येरवड्याहून दापोलीजवळ माझ्या नणंदेच्या गावी निघालो. दोन घरची मिळून नऊ माणसे, भाड्याची एक जीप आणि टपावर बांधलेल्या अकरा बॅगा. ताम्हिणी घाटात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. पुढे एक ट्रक धूर ओकत चालला होता. थोरलीला खोकला सुरू झाला आणि बघता बघता धाप लागली. तिला लहानपणापासून दमा आहे.

तिचा पंप मी आठवणीने घेतला होता. फुटू नये म्हणून कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवला होता. ती बॅग टपावर, ताडपत्रीखाली, सगळ्यांत तळाला!

ड्रायव्हरचाचांनी गाडी बाजूला घेतली आणि वर चढले. अंधारात दोरीच्या गाठी सुटेनात. एकेक बॅग खाली येत होती आणि मी मुलीची पाठ चोळत दुआ पढत होते. पंप हाती यायला पंधरा मिनिटे तरी गेली असतील. अलहमदुलिल्लाह, तो दिल्यावर थोड्या वेळाने तिचा श्वास जागेवर आला. शांत झाल्यावर तिने एवढेच विचारले, "अम्मी, माझा पंप माझ्याजवळ का नव्हता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. परत आल्यावर बॅगा उपसल्या, तर धाकट्याचे निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडता परत आले होते. नणंदेच्या घरी गाद्या-चादरींची कमी नव्हती, तरी आम्ही तीन चादरी नेल्या होत्या. सामान भरपूर होते, पण लागेल तेव्हा हाताशी नव्हते.

तवक्कुल आणि तयारी

येमेनचे काही लोक हजला निघताना शिदोरी घेत नसत. आमचा अल्लाहवर भरवसा आहे, असे ते म्हणत आणि मक्केत पोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यावर सूरह बकराच्या 197व्या आयतीत शिदोरी सोबत घेण्याचा हुकूम आला, असे हदीसमध्ये आहे. म्हणजे तयारी करणे तवक्कुलच्या विरोधात नाही. दुसऱ्या बाजूला, प्रवाशासाठी चार रकअतची फर्ज नमाज दोन रकअत होते. सफरमध्ये अल्लाहने इबादतीचा भारही हलका केला आहे. मग आपण कपड्यांचा भार का वाढवावा? गरजेचे विसरू नये आणि बिनगरजेचे उचलू नये, एवढा धडा मी यातून घेतला.

ज्याची बॅग त्याच्या खांद्यावर

मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावे, हा नियम आम्ही शिक्षक पालकांना सतत सांगतो. 2020च्या दप्तर धोरणातही तो आहे. तोच मी प्रवासाला लावला. धाकट्याचे वजन 25 किलो, तेव्हा त्याची बॅग अडीच किलोची. त्यात पाण्याची बाटलीही आली. घरच्या वजनकाट्यावर तो आधी स्वतः उभा राहतो, मग बॅग घेऊन. वजन जास्त भरले तर काय काढायचे ते तोच ठरवतो. पहिल्या वेळी त्याने खेळण्यातला ट्रक ठेवला आणि टॉवेल काढला! टॉवेल मी माझ्या बॅगेत घेतला, पण त्याची बॅग पुन्हा भरली नाही. आपण स्वतः भरलेल्या बॅगेत काय कुठे आहे, हे मुलांना पाठ असते.

कपड्यांचा हिशेबही सोपा आहे. पाच दिवसांना तीन जोड आणि अंगावरचा एक. बाकीचे धुऊन वाळवता येतात. लहान मुलांचा प्रत्येक जोड आतल्या कपड्यांसकट गुंडाळून ठेवावा. म्हणजे एक शर्ट शोधताना सगळी बॅग विस्कटत नाही.

हाताशी काय असावे

एक छोटी पिशवी कधीही टपावर, डिकीत किंवा बर्थखाली जाऊ द्यायची नाही. तिच्यात रोजची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तापाचे औषध आणि ओआरएसची पाकिटे असावीत. ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का ते पाहावे, गोड तयार पेयांवर जाऊ नये. पाकीट मिळाले नाही, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. गाडी लागणाऱ्या मुलासाठी रिकाम्या पिशव्या आणि कपड्यांचा एक जोडही इथेच ठेवावा. तहारतसाठी रिकामी बाटली, पातळ जानमाज आणि एक मोठी ओढणी घ्यावी. ओढणी नमाजला, पांघरायला आणि खिडकीतल्या उन्हाला, तिन्हीला चालते. लहान मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावीच.

जेवणात खिमा-रोटी पहिल्याच वेळी संपवावी, उकाड्यात ती रात्रीपर्यंत टिकत नाही. पुढच्या वेळेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बरी.

रेल्वेने जाताना

एका तिकिटावर स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत 40 किलो, टू-टिअर एसीत 50 किलो आणि सेकंड क्लासमध्ये 35 किलो सामान मोफत नेता येते. 5 वर्षे पूर्ण झालेल्या पण 12 वर्षांखालील मुलाच्या अर्ध्या तिकिटावर याच्या निम्मे. पण अर्ध्या तिकिटात वेगळा बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. स्लीपरमध्ये अंथरूण मिळत नाही, तेव्हा चादर इथे मात्र हवी. आणि 40 किलो नेता येतात म्हणून न्यायलाच हवेत असे नाही. गाडी दोन मिनिटे थांबते तिथे मुलांसकट जेवढे उतरवता येईल, तेवढेच आपले सामान.

यंदा आम्ही रेल्वेने हैदराबादला निघालो आहोत, इन्शाअल्लाह. येरवड्याहून मेट्रोने पुणे स्टेशन तिसरे. चौघे, प्रत्येकाच्या खांद्यावर आपापली बॅग आणि एकच मोठी बॅग मुलांच्या अब्बांकडे. निघताना आता मी दारात बॅगा मोजत नाही. थोरली कमरेची छोटी पिशवी उघडून पंप दाखवते. मग आम्ही सफरची दुआ पढतो आणि कुलूप लावतो.