न्हालेली गाडी रुसते तेव्हा

नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर सुटीतल्या पाहुण्यांना वाळूतून फिरविणाऱ्या चार फुगीर चाकांच्या ए.टी.व्ही. गाड्या आता वाचकांच्या परिचयाच्या आहेत. खारे पाणी लोखंड खाते, म्हणून मालक संध्याकाळी त्यांना गोड्या पाण्याने न्हाऊ घालतो. आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत, सकाळी, नेमकी तीच न्हालेली गाडी अडून बसते. सुटीच्या कमाईवर ज्याची सारी भिस्त, त्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल!

अशा वेळी माणूस बटण दाबीत सुटतो. ते आधी थांबवावे. बॅटरी उतरली की एका दुखण्याची दोन होतात. पुसताना इंजिन बंद करण्याचा खटका सरकला नाही ना, हे प्रथम पाहावे. (हसू नका, कधीकधी दुखणे एवढेच असते!) इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर प्लगची टोपी काढावी. हजारो व्होल्टच्या विजेला प्लगच्या टोकाशी मिलिमीटरहूनही लहान फट ओलांडून ठिणगी पाडायची असते. टोपीत पाणी शिरले की ती ही मेहनत टाळते, ओली वाट धरते आणि इंजिनाच्या धातूत पसार होते. टोपी आतून पुसून नीट वाळवावी. मग हवेच्या गाळणीचा स्पंज चाचपावा. तो चिंब असेल तर इंजिनाला श्वासच मिळत नाही. इंजिनातले तेल दुधाळ दिसले, तर मात्र पाणी पोटात गेले असे समजून गाडी ढकलतच मेकॅनिककडे न्यावी.