बाजीची ओढणी

रमजानचा तिसरा अशरा लागला की दिग्रसच्या बाजाराचे वेळापत्रक बदलते. दिवसभर सुस्तावलेली दुकाने इफ्तारनंतर जागी होतात आणि तरावीह आटोपली की कापडाच्या, चपलांच्या, बांगड्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा उरत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली कुटुंबे पिशव्या सांभाळत फिरतात. मॅचिंग सेंटरच्या फळीवर अस्तर, लेस आणि ओढण्यांचा ढीग पडतो. शिंप्यांनी तर ईदपूर्वीची नवी शिलाई घेणे केव्हाच बंद केलेले असते. तरी 'एवढा एकच सूट घ्या' म्हणणाऱ्या आया दारातून हलत नाहीत.

या गर्दीत एक वाक्य हमखास कानी पडते: 'बाजीने गेल्या ईदला घातला होता ना, तसाच.' बाजी म्हणजे थोरली बहीण. कुठे तिला आपा म्हणतात, शेजारच्या घरात ती ताई असते. मुलीच्या हातातल्या मोबाइलमध्ये हजार फोटो असतात, सिनेनट्यांचे, पाकिस्तानी मालिकांतल्या नायिकांचे. पण शिंप्यासमोर पिशवीतून निघतो तो मापाचा ड्रेस पुष्कळदा बाजीचा असतो. गळा असाच, बाही एवढीच, घेर मात्र दोन बोटे जास्त.

असे का होते, याचे उत्तर साधे आहे. पडद्यावरची नायिका सुंदर दिसते. पण ती आपल्या घरात राहत नाही. बाजी राहते. तिला तेच ऊन लागते, तोच पगार किंवा तोच कापसाचा चुकारा पुरवून वापरावा लागतो, अम्मीचे तेच नियम पाळावे लागतात. तिच्या अंगावर जे शोभले ते या घराच्या कसोटीला उतरलेले असते. विदर्भाच्या उकाड्यात चमकदार सिंथेटिक कापड दुपारपर्यंत नकोसे होते आणि सुती कुर्ता संध्याकाळीही अंगाला बोचत नाही, हे धाकटीला कोणत्याही मासिकाने शिकवलेले नसते. तिने ते बाजीकडे पाहून ओळखलेले असते.

थोड्या पैशांत उठून दिसण्याची विद्याही घरातच मिळते. एका साध्या कुर्त्यावर दोन वेगळ्या ओढण्या घेतल्या की दोन जोड होतात. अम्मीच्या विरलेल्या साडीचा जरीकाठ सोडवून नव्या कापडाला लावला की महागड्या सुटाची गरज राहत नाही. कपडे भडक असतील तर कानांत लहान टिकल्या, कपडे साधे असतील तर झुमके. दोन्ही एकदम नकोत. रंग अगदी जुळला नाही तरी चालेल, पण कपड्याचे माप चुकता कामा नये. हे सगळे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. चांदरातीला आरशापुढे बाजी धाकटीची ओढणी खांद्यावर पिनेने बसवते तेव्हा ते एका हातातून दुसऱ्या हातात जातात.

हे केवळ मुस्लीम मोहल्ल्याचे चित्र नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदा साडी नेसणारी मुलगी ताईचीच साडी मागते आणि ताईचाच ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेऊन घालते. दिवाळीच्या खरेदीत 'दादासारखा कुर्ता' हवा म्हणून हटून बसणारा धाकटा घरोघरी असतो. ईदच्या सकाळी भाईजानच्या पठाणीची घडी, टोपीचा कल आणि अत्तराचा फाया कानात ठेवण्याची पद्धत धाकटा भाऊ तशीच उचलतो. बहीण-भावंडांच्या नात्यातला हा एक मुका धडा आहे.

इस्लामी परंपरेत या उसनवारीला फार जुना आधार आहे. ईदच्या दिवशी स्नान करून आपल्याजवळचे चांगले कपडे घालावेत, सुगंध लावावा, अशी रीत आहे. कपडे नवेच असले पाहिजेत, अशी अट नाही. सहीह बुखारी या हदीस-संग्रहात हजरत उम्मे अतिया (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. ईदच्या नमाजच्या मैदानावर स्त्रियांनीही यावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा एकीने विचारले की एखादीजवळ बाहेर पडताना घ्यायची चादरच नसेल तर? उत्तर मिळाले की तिच्या बहिणीने आपल्याजवळची तिला पांघरायला द्यावी. इथे 'बहीण' म्हणजे केवळ सख्खी नव्हे, कोणतीही सोबतीण. वस्त्र नाही म्हणून ईदच्या आनंदातून कोणी वगळली जाऊ नये, हा त्यातला अर्थ.

याच संग्रहात हजरत आयेशा (रजि.) आपल्या एका पोशाखाची आठवण सांगतात. पाच दिरहमचा, जाड्याभरड्या कापडाचा तो पोशाख होता. प्रेषितांच्या काळात मदिनेत कोणा स्त्रीला नटवायचे असले की तोच मागून नेला जाई. पुढे सुबत्ता आली आणि तसला पोशाख घरात घालायलाही मोलकरीण नाक मुरडू लागली, असे त्या सांगतात. शृंगाराची व्याख्या किती लवकर बदलते, हे यातून दिसते.

तिसरा प्रसंग सख्ख्या बहिणींचा आहे. हजरत आयेशा (रजि.) यांनी एका प्रवासासाठी थोरली बहीण हजरत अस्मा (रजि.) यांचा हार मागून घेतला होता. वाटेत तो हरवला. त्याच्या शोधासाठी काफिला थांबला, नमाजची वेळ झाली आणि वजूसाठी पाणी मिळेना. पाणी नसताना स्वच्छ मातीने तयम्मुम करण्याची मुभा देणारी आयत याच प्रसंगी अवतरली. हारही पुढे सापडला. बहिणीकडून मागून आणलेल्या एका दागिन्यातून साऱ्या उम्मतला सवलत मिळाली, म्हणून हा प्रसंग आजही आवडीने सांगितला जातो. वस्तू बहिणीची आहे आणि ती परत करायची आहे, ही जाणीवही त्यात आहे.

बहिणीकडून काय घ्यावे, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सापडते. झोहरा, नाजली आणि अतिया या फैजी भगिनी मुंबईच्या तय्यबजी परिवारातल्या. नाजली जंजिऱ्याच्या नवाबाशी विवाह होऊन मुरुडला गेली. अतिया १९०६ मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. तिथून ती झोहराला रोजनिशीवजा पत्रे लिहीत असे आणि झोहरा ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात छापायला देई. १९२१ मध्ये ती 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपात आली. विलायतेत राहूनही अतियाने आपला हिंदी पोशाख सोडला नाही. तिच्या छायाचित्रांत डोक्यावर वस्त्र आहे आणि चेहरा मोकळा आहे. चार भिंतींबाहेर कसे वावरावे, काय पाहावे, काय घ्यावे आणि काय नाकारावे, याचा नमुना या पत्रांतून त्या काळच्या असंख्य उर्दू वाचणाऱ्या मुलींसमोर आला. इथे धाकटी पुढे चालत होती आणि थोरली तिची वाट इतरांना दाखवत होती. प्रेरणा नेहमी वरून खालीच वाहते असे नाही.

दुसरे उदाहरण प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती आणि आशा आठ. घराची जबाबदारी थोरलीवर आली. लतादीदींची रंगीत काठाची पांढरी साडी, दोन वेण्या आणि कानांतल्या हिऱ्याच्या कुड्या ही पुढे साऱ्या देशाला त्यांची ओळख वाटू लागली. आशाताईही अनेक वर्षे पांढऱ्या साडीतच दिसत. त्यामागचे कारण त्यांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. पांढरा रंग आपल्या वर्णाला शोभतो, दुसऱ्या रंगात आपण अधिक सावळ्या दिसू, असे दोघींना वाटे. पुढे आशाताईंनी गुलाबी रंग घ्यायला सुरुवात केली. दीदींनी पांढरा सोडला नाही. गाण्याप्रमाणे पेहरावातही धाकटीने थोरलीच्या सावलीतून स्वतःची वाट काढली. यात दीदींचा अनादर नव्हता. एकाच घरातल्या दोघींनी आपापला रंग निवडला, इतकेच.

पण त्या मुलाखतीतला 'सावळ्या दिसू' हा शब्द थांबून ऐकण्यासारखा आहे. एवढ्या थोर गायिकांनाही ही भीती शिवली असेल, तर दिग्रस-दारव्ह्याच्या सोळा वर्षांच्या मुलीचे काय? बहिणीच्या कपड्यांतून जितके मिळते तितकेच बहिणीशी होणाऱ्या तुलनेतून हिरावले जाते. पाहुण्यांसमोर 'मोठी उजळ आहे, ही जरा सावळी' असे वाक्य सहज बोलले जाते. ते ऐकणारी मुलगी मग बाजीची ओढणी मागत नाही. बाजीची कांती मागते. आणि बाजारात ती विकायला लोक बसलेलेच आहेत.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या अकोल्यातून आलेल्या बातमीने दाखवले. एका घरातल्या तरुणीने चेहरा उजळणारे क्रीम वापरले. फरक दिसला म्हणून तिच्या आईने आणि थोरल्या बहिणीनेही तेच लावायला सुरुवात केली. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी कारण शोधले, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. मर्यादेच्या कितीतरी पट. केरळमधील डॉक्टरांनीही अशा क्रीमचा आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा संबंध दाखवून दिला आहे.

पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. एकच टॉवेल वापरणाऱ्या घरातल्या इतरांनाही त्याची बाधा होऊ शकते. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये अनवधानाने राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. म्हणून डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसेल तर ती घेऊ नये. 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरस क्लोराइड' यांपैकी शब्द दिसला तर ती डबी घरात ठेवू नये. पार्लरमध्ये बिननावाच्या डबीतून काढून दिलेले क्रीम कितीही गुणकारी सांगितले तरी नाकारावे. पायांवर, डोळ्यांखाली सूज येऊ लागली, लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम बंद करून डॉक्टरांकडे जावे आणि ती डबी सोबत न्यावी.

चांदरातीच्या मेंदीबाबतही एवढीच सावधगिरी हवी. मेंदीचा खरा रंग आधी केशरी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. काही मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या कोनात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असू शकते. त्याने हातांना फोड येतात आणि कधी कायमचे व्रण राहतात. लहान मुलींच्या हातांना असला कोन लावूच नये. भिजवलेल्या मेंदीचा घरी केलेला कोन बाजीच्या हातांवर चांगला रंगला, तर तो धाकटीलाही चालेल. झटपट कोन बाजीला सोसला म्हणून धाकटीला सोसेलच असे नाही.

थोरल्या बहिणीकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याची रेघ इथे स्पष्ट होते. कापड घ्यावे, बेतणे घ्यावे, रंगांची जाण घ्यावी. कुठे थांबावे हे घ्यावे, कारण शृंगारात तेच सर्वांत अवघड असते. ओढणी सावरून रस्त्याने ताठ मानेने चालण्याची तिची ढब घ्यावी. तिचा वर्ण, तिचे केस, तिच्या चेहऱ्याची ठेवण मात्र उसनी मिळत नाही आणि मागायचीही नसते.

यात घरातल्या मोठ्यांचाही वाटा आहे. दोन मुलींची तुलना करणारे एक वाक्य गिळता आले तर एक डबी कमी विकली जाईल. बाजीचा जुना सूट धाकटीला देताना 'नवा घ्यायला पैसे नाहीत' म्हणण्याऐवजी 'हा रंग तुला शोभेल' म्हणता येते. आणि शोभत नसेल तर तसेही सांगता येते. पुष्कळ घरांत थोरली स्वतःचा सूट पुढच्या ईदवर ढकलून त्या पैशांत धाकटीचा सूट शिवून घेते आणि त्याविषयी चकार शब्द काढत नाही. धाकटीने निदान एकदा तिला विचारावे: 'बाजी, तू काय घेतलंस?'

ज्या घरातली बाजी लग्न होऊन पुसदला किंवा नांदेडला गेली, तिथे ही पहिली ईद वेगळी असते. कपाटात तिची एखादी ओढणी राहिलेली असते. धाकटी ती नव्या सुटावर घेऊन पाहते. रंग नेमका जुळत नाही. मग ती व्हिडिओ कॉल लावते आणि पलीकडून आवाज येतो, 'उलट्या बाजूने घे, काठ पुढे येऊ दे.' ती तशी घेते. या वेळी खांद्यावरची पीन तिने स्वतःच्या हाताने लावलेली असते.