शीर्षकगीताचे भांडवल

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातील कॅमेऱ्याने एका वाघाची छबी टिपली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून वाट तुडवीत तो आला होता. बोरी-बाभळींनाच रान म्हणणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात चाळिशीच्या आसपासच्या पिढीला वाघ ठाऊक होता तो मुख्यतः दूरदर्शनवरचा शेरखान. आणि शेरखानाच्या आधी कानी पडे ते एक शीर्षकगीत.

‘जंगल बुक’ मालिकेचा प्रवास मोठा विलक्षण आहे. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने सिवनीच्या अरण्यातील कथा इंग्रजीत लिहिल्या. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये त्यांवरून ५२ भागांची चित्रमालिका केली, आणि नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात ती हिंदी बोलत दूरदर्शनवर अवतरली. मूळ जपानी शीर्षकगीत येथे घेतले नाही. गुलजार यांनी नवे शब्द लिहिले, विशाल भारद्वाज यांनी त्यांना चाल दिली. भारद्वाज यांचे नाव सर्वतोमुखी करणारा ‘माचिस’ (१९९६) तेव्हा यावयाचा होता. शेरखानाचा आवाज मात्र मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा; त्या हिंदीतला मराठी खरखरीतपणा मराठवाड्यातल्या पोरांना परका वाटण्याचे कारण नव्हते.

या गीतात ‘चड्डी’ हा शब्द आहे. मुलांच्या कार्यक्रमात तो शोभत नाही, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. गुलजार शब्दावर ठाम राहिले. शिष्टसंमत पर्याय स्वीकारला गेला असता तर काय हरवले असते, हे परंड्याच्या किंवा उमरग्याच्या दुसरीतल्या मुलाच्या जागी बसून पाहावे. शाळेत हिंदी पाचवीत येणार. दूरदर्शनच्या संस्कृतप्रचुर बातम्या डोक्यावरून जात. हा शब्द मात्र घरातला, दोरीवर वाळत घातलेला! गीताची लोकप्रियता मोजावयाची तर अशा सामायिक शब्दांपासून आरंभ केला पाहिजे.

अर्थशास्त्रात ज्या वस्तूचा एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, तिला सार्वजनिक वस्तू म्हणतात. एका घरातील संचासमोर अर्धी गल्ली दाटीवाटीने बसे आणि कोणी तरी छपरावर अँटेना फिरवीत असे, तेव्हा या व्याख्येचे प्रात्यक्षिकच होई. खेड्यापाड्यांत दुसरी वाहिनी नसल्याने सर्वांनी एकाच वेळी एकच गीत ऐकले. स्मरणाचा हा साठा सरकारी वाहिनीने उभा केला. त्याचे बाजारमूल्य प्रकट झाले ते २०१६ मध्ये. डिस्नेचा ‘द जंगल बुक’ त्या वर्षी ८ एप्रिलला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी, भारतात प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीसाठी तेच गीत गुलजार व भारद्वाज यांच्याकडून नव्याने सिद्ध करून घेण्यात आले, शेरखानही पुन्हा पाटेकरच. चित्रपटाने भारतात अमाप कमाई केली. कंपनीने गैर काही केले नाही; परंतु बी एकाचे आणि खळे दुसऱ्याचे, हा व्यवहार डोळ्यांआड करता येत नाही.

गीतकार-संगीतकारांच्या वाट्याचा प्रश्न याहून जुना आहे. १९५७ च्या कायद्यान्वये चित्रपटगीताचा मालक सामान्यतः निर्माता ठरे, आणि १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक-संगीतकारांचा स्वामित्वधनातील हिस्सा वारस किंवा हक्कसंस्थेखेरीज अन्य कोणाच्या नावे करून देता येणार नाही, असे ठरविले. या सुधारणेला उशीर झाला, एवढे म्हटलेच पाहिजे.

एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. तोवर जिल्ह्यातील छपरांवर अँटेनांऐवजी डिश बसल्या होत्या आणि दूरदर्शन शेकडो वाहिन्यांतील एक झाले होते. या खेपेस ते गीत मुलांहून अधिक त्यांच्या आईबापांनीच म्हटले असावे.