जुनं लुगडं, नवी पिशवी आणि मजुरीचा हिशोब

जुन्या कपड्यांचं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, उरलं ते बोहारणीला देऊन पातेलं घरात. पण हे सगळं सुती कापडाचं होतं. आता ट्रंकेत पॉलिस्टरच्या साड्याच जास्त. त्या पाणी टिपत नाहीत, उकिरड्यात कुजतही नाहीत. चूल पेटवायला तर ती चिंधी वापरूच नका. ते एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, धूर आपल्याच छातीत जातो.

म्हणून आमच्या गटात आधी निवड होते. कापडाचा एक दोरा काढून जाळून बघायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. सुतीची दुपटी, झबली, गोधड्या; पॉलिस्टरच्या बाजाराच्या पिशव्या. मग कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणायचं. चर्र झालं की ते गोधडीच्या आत भरायला. साडी बसण्याच्या जागी आधी विरते, काठ-पदर शाबूत राहतात. काठाचे पिशवीला बंद लागतात, पदराचं जाकीट होतं. साडी साडेपाच मीटरची. विरलेला भाग गेला तरी लेकीचा परकर-पोलका सहज निघतो. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी वर्षानुवर्षं टिकते, फक्त मशीनला सोळा नंबरची सुई लावा, नाहीतर सुया मोडत बसाल. आणि शिवण उसवूनच काढा. कात्री चालवली की चार बोटं कापड गेलंच.

आता भावाचं. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "कापड तर फुकटचं, पन्नासला द्या." कापड फुकटचं असेल, हात फुकटचे आहेत का? समजा, गावात आठ तासांची मजुरी 320 रुपये आहे. म्हणजे तासाला 40. धुणं, उसवणं, कापणं, शिवणं धरून पिशवीला दीड तास गेला, तर 60 रुपये झाले. दोरा, चेन, अस्तराचे 15. पिशवी 75 ला घरात पडली. पन्नासला दिली तर पदरचे 25 घालून आपण गिऱ्हाइकाला पिशवी भेट दिली! हाताच्या गोधडीचे तास तर कुणी मोजतच नाही. धावदोरा घालायला बसताना भिंतीवर वेळ लिहा, उठताना पुन्हा लिहा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक विरलेली साडी धुऊन आणा. आणि वेळ लिहिलेला कागदही.