पावसाचा खंड आणि पानातील शिरांचे जाळे

ऑगस्टमध्ये पावसाने १५-२० दिवस ओढ दिली, की लातूर-नांदेडच्या हलक्या रानातील सोयाबीन दुपारी माना टाकते. यात दोष केवळ जमिनीचा नसतो. पिकाला एवढे पाणी का लागते, याचे उत्तर सपुष्प वनस्पतींच्या जडणघडणीत आहे.

आधीची रचना

नेचे, सायकस, चीड ही कुळे सपुष्प वनस्पतींपेक्षा जुनी. त्यांच्यात पाणी मुख्यतः अरुंद, टोके बंद असलेल्या वाहिनिकांतून वाहते. एका पेशीतून दुसरीत ते भिंतीतील बारीक खळग्यांतून झिरपते. पानातील शिराही विरळ. एक चौरस मिलिमीटर पानात शिरांची लांबी सरासरी २ मिलिमीटर भरते.

सपुष्प वनस्पती सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी दिसू लागल्या. त्याही आरंभी फार वेगळ्या नसाव्यात. या कुळातून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा म्हणजे न्यू कॅलेडोनिया बेटावरील अंबोरेला हे झुडूप. ते ओलसर सावलीत वाढते आणि त्याच्या खोडात आजही रुंद वाहिन्या नाहीत.

बदल काय झाला?

पुढे अनेक शाखांत पेशी टोकाला टोक जुळून, मधले पडदे जाऊन लांब नळ्या तयार झाल्या. पाझराच्या जागी जणू पाइपलाइन आली! शिराही दाटल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार सपुष्प वनस्पतींत ही लांबी सरासरी ८ मिलिमीटर, म्हणजे चौपट आहे.

पर्णरंध्रे उघडल्याशिवाय कर्बवायू आत येत नाही आणि उघडली की वाफ बाहेर जाते. पुरवठा वाढल्याने रंध्रे जास्त उघडी ठेवणे परवडू लागले व अन्ननिर्मिती वाढली. सोयाबीन १०० दिवसांच्या आसपास पदरात पडते, ते या रचनेच्या बळावर.

आपली काळी जमीन ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, त्याच्या थरांमध्ये वर्धा जिल्ह्यातील नवरगाव येथे सपुष्प वृक्षांची दगड झालेली लाकडे सापडली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही ही झाडे येथे होती.

वेगाची किंमत

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी वाफ होऊन जाते. ओल संपली की नळीतील पाण्यावर ताण येतो, हवेचा बुडबुडा शिरतो आणि धार तुटते. रंध्रे मिटतात, अन्न थांबते, फुले व कोवळ्या शेंगा गळतात.

काय करावे?

१) कोळपण्या फुलोऱ्यापूर्वी उरकाव्यात. भेगा बुजतात, ओल टिकते. फुलोऱ्यानंतर कोळपे घालू नये, मुळ्या तुटतात.

२) पाणी असल्यास फुलोरा व शेंगा भरताना तुषार सिंचनाने संरक्षित पाणी द्यावे. पीक पूर्ण सुकण्याची वाट पाहू नये.

३) खंडात पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे. मात्र फवारणी ही पाण्याची जागा घेत नाही.